डॉ. कमला सोहोनी आणि रसायनशास्त्राचा अभ्यास



या अंकातील चरित्रासाठी आम्ही डॉ. कमला सोहोनी यांची निवड केली आहे. त्यांची मोठी बहीण म्हणजे लेखिका दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंची पुस्तके आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. कमलाबाईंचे नाव मात्र बऱ्याच जणांना अलीकडे कळले. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा ह्या बाई कोण, असे मुलांनी घरोघरी विचारले असेल.

निवडीमागे आणखी एक कारण आहे. आपल्या वर्गातील मोठी मुले अकरावीत जाताना विषय निवडतात. रसायनशास्त्र म्हणजे केमिस्ट्री घ्यावे की नाही, यावर घरोघरी चर्चा होते. फार पाठ करावे लागते, काही केल्या लक्षात राहत नाही, हा विषय आपल्यासाठी नाहीच, असे म्हणून काही मुले तो सोडून देतात. विषय खरोखरच नावडता असेल तर सोडायला हरकत नाही. पण केवळ अभ्यासाची रीत चुकल्यामुळे तो सुटत असेल, तर वाईट वाटते. कमलाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडेल असे आम्हाला वाटते.

बालपण आणि शिक्षण

कमला भागवत हिचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरची टाटांची विज्ञानसंस्था, म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, १९०९ साली स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. साहजिकच आपणही त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, असे कमलाने ठरवले.

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी तिने १९३३ साली घेतली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत तिचे नाव पहिले होते. आता बंगलोरला प्रवेश मिळणार याबद्दल तिला आणि घरच्यांना काहीच शंका नव्हती. तिने अर्ज केला, आणि तो नाकारला गेला!

एक वर्षाची अट

त्या वर्षी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेले जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. अर्ज नाकारण्याचे कारण एवढेच होते, की अर्ज करणारी मुलगी होती. गुणांचा प्रश्नच नव्हता.

कमला घरी बसून रडली नाही. ती वडील आणि काकांसह बंगलोरला गेली. तिघांनी रामनना पुन्हा विनंती केली, तरी नकार कायम राहिला. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. कमलाने रामन यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रह केला आणि नकाराचे योग्य कारण मागितले. मुलगी असणे हे काही कारण होऊ शकत नाही, हा तिचा मुद्दा होता. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

मुलांनो, या अटी अन्यायाच्या होत्या. सोबतच्या मुलांना यातली एकही अट नव्हती. कमलाने त्या मान्य केल्या, कारण दुसरा मार्ग नव्हता. पण त्या योग्य होत्या असे तिने कधीच मानले नाही. रामन मोठे शास्त्रज्ञ असले तरी या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते आणि तो अपमान आपण विसरलो नाही, असे कमलाबाईंनी म्हातारपणीही जाहीरपणे सांगितले. कष्टाने यश मिळाले म्हणून अन्याय चांगला ठरत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

वर्ष पुरे झाले. तिचे काम पाहून रामन यांची खात्री पटली आणि तिला नियमित प्रवेश मिळाला. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. म्हणजे एका मुलीच्या अभ्यासामुळे पुढच्या किती मुलींचे दार उघडले, पाहा.

दूध आणि डाळी

बंगलोरला कमलाचे मार्गदर्शक होते श्री. श्रीनिवासय्या. शिस्तीला अतिशय कडक, पण शिकवण्याची मनापासून हौस असलेले. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. प्रथिने म्हणजे प्रोटीन्स. १९३६ साली तिने एम.एस्सी. पदवी विशेष प्राविण्यासह मिळवली.

हे काम नेमके काय असते, ते थोडे समजून घेऊ. दुधात पाणी, साखर, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि प्रथिने असे बरेच काही एकत्र असते. त्यातून एकच पदार्थ वेगळा करायचा, तर त्याचा स्वभाव आधी ओळखावा लागतो. आई गरम दुधात लिंबू पिळून पनीर करते, तेव्हा तेच घडते. दुधातील मुख्य प्रथिनाचे नाव केसीन. लिंबाच्या आम्लाने दुधाचा पीएच सुमारे ४.६ पर्यंत उतरला, की केसीनचे कण एकमेकांना दूर ढकलेनासे होतात, एकत्र येतात आणि साका खाली बसतो. डाळीतील प्रथिनांचा स्वभाव निराळा. त्यांतील बरीचशी नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, पण थोडे मीठ घातलेल्या पाण्यात विरघळतात. आणि क्षार खूपच वाढवला तर पुन्हा बाहेर पडतात.

आता विचार करा. पुस्तकात ही एक ओळ असते. ती पाठ करायला दोन मिनिटे लागतात, आणि विसरायला दोन दिवस. पण तीच गोष्ट हाताने करायची म्हटली, की प्रश्नांची रांग लागते. मीठ किती? पाणी किती गरम? किती वेळ ढवळायचे? गाळल्यावर खाली राहिले ते काय, आणि वर आले ते काय? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. आमच्या संगणकाच्या धंद्यातही हाच नियम आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि काय झाले ते लिहून ठेवावे. रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत उभे राहून कमलाने जे शिकून घेतले ते अशा प्रकारचे होते. म्हणूनच ते तिला जन्मभर पुरले.

केंब्रिजचे टेबल

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमला १९३७ साली इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेली. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जागेची फार टंचाई. डॉ. डेरेक रिख्टर यांनी कमलाला आपल्याकडचे एक जादा टेबल कामासाठी दिले. गंमत अशी, की दिवसा कमला त्या टेबलावर प्रयोग करायची आणि रात्री रिख्टरसाहेब त्याच टेबलावर झोपायचे! स्वतंत्र खोली, नवे मेज, उत्तम दिवा असल्याशिवाय अभ्यास होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे टेबल आठवावे.

रिख्टर दुसरीकडे गेल्यावर तिने डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम केले. बटाट्यावर काम करताना तिला एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनचा उपयोग पेशींमध्ये अन्नातून ऊर्जा काढण्यासाठी होतो. या कामात सायटोक्रोम सी नावाचे, लोह असलेले एक प्रथिन मदत करते. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि तेथेही ते हेच काम करते, असे कमलाने दाखवून दिले. म्हणजे आपल्या शरीरातील आणि बटाट्यातील श्वसनाची यंत्रणा एकाच घराण्यातली निघाली.

या संशोधनावर तिने प्रबंध लिहिला आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. केंब्रिजला पोचल्यापासून सुमारे १४ महिन्यांत तिने हे काम उरकले होते. तिथून विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक. त्या काळी खुद्द केंब्रिजही स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व देत नव्हते, ते १९४८ साली मिळाले. इतरांचे प्रबंध जाडजूड असत. कमलाचा प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा! जे केले, जे दिसले आणि त्यावरून जे सिद्ध झाले, तेवढेच लिहायचे असेल तर चाळीस पाने पुरतात.

पुन्हा मायदेशी

१९३९ मध्येच त्या भारतात परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

येथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी कोणते विषय दिले? डाळी, कडधान्ये, भात, नीरा. म्हणजे गरिबाच्या ताटात जे पडते तेच. कच्च्या कडधान्यांत काही प्रथिने अशी असतात, की ती आपल्या पोटातील ट्रिप्सिन नावाच्या पाचक रसाला अडवतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या कडधान्यांतील या अडवणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास केला. पाण्यात चांगले शिजवले, की त्यांतील बहुतेकांचा जोर संपतो. आजी कडधान्य भिजवून, मोड आणून, मऊ शिजवते त्यामागे केवळ चव नसते, रसायनशास्त्रही असते!

नीरेचे काम तर त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. नीरा म्हणजे ताडामाडाच्या झाडाचा गोड रस. तो पहाटे, सूर्योदयापूर्वी उतरवून लगेच प्यायचा असतो. ऊन चढले की यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव त्यातील साखरेचे अल्कोहोल करू लागतात आणि नीरेची ताडी होते. नीरेत आणि तिच्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह किती टिकते, ते कमलाबाईंनी तपासले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली तर त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, पण त्यासाठी त्यांना काही वर्षे डावलले गेले होते. बंगलोरच्या दारातला अडथळा मुंबईतही पुरता नाहीसा झाला नव्हता.

१९६६ साली मुंबईतील काही गृहिणी आणि कार्यकर्त्या स्त्रियांनी ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी संस्था काढली. तिचे नाव कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई या कामात सक्रिय होत्या. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत त्यांनी संस्थेच्या मासिकात लिहिले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला. त्या समारंभातच त्यांना भोवळ आली, आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

कमलाबाईंनी अभ्यासाच्या नियमांची यादी लिहून ठेवलेली नाही. पण त्यांच्या कामाकडे पाहून, आणि मुलांचा अभ्यास घेताना जे अनुभवास येते ते ध्यानात घेऊन, आम्ही पाच गोष्टी सुचवतो.

१. वही ठेवा. शाळेत प्रयोग झाला की त्याच दिवशी लिहा. डावीकडे जे दिसले ते, उजवीकडे त्याचा अर्थ काय वाटला ते. दोन्हींची सरमिसळ करू नका. निळा रंग आला हे दिसलेले. स्टार्च आहे हा अर्थ. घरी बटाट्याच्या फोडीवर बीटाडीनचा एक थेंब टाकून पाहा, आईबाबा जवळ असताना. तपकिरी औषध गडद निळे-काळे होते. ती फोड मात्र खाऊ नका.

२. तिन्ही मजले चढा. रसायनशास्त्राचे घर तीन मजली असते. तळमजल्यावर डोळ्यांना दिसते ते, मधल्या मजल्यावर न दिसणारे अणू-रेणू, आणि वरच्या मजल्यावर कागदावरची चिन्हे नि समीकरणे. बहुतेक मुले थेट वरच्या मजल्यावर जाऊन बसतात आणि मग घाबरतात. मोलचेच उदाहरण घ्या. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १८ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो. तो काठोकाठ न भरता किंचित कमी भरा, की झाला एक मोल! त्या एका चमच्यात ६ वर २३ शून्ये ठेवावीत इतके रेणू असतात. चमचा हातात धरून हिशोब केला तर तो लवकर समजतो.

३. रोज थोडे करा, आणि पुस्तक मिटून करा. आपल्याकडे फेब्रुवारीत वर्ष सुरू होते आणि मोठ्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. सप्टेंबरात जागरणे करण्यापेक्षा पहिल्या आठवड्यापासून रोज अर्धा तास बरा. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो येतो आहेसे वाटते, पण ते फसवे असते. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून ताडून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. जे आठवले नाही तोच उद्याचा अभ्यास.

४. कुठे अडले ते नेमके विचारा. काहीच समजत नाही, असे सांगितले तर शिक्षकांना मदत करता येत नाही. तिसऱ्या ओळीत हा दोन कुठून आला, असे विचारले तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. नकाराला न घाबरता कारण विचारणारी कमला आठवा. वर्गात हात वर करणे त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

५. थोडक्यात लिहा, आणि मराठीत सांगून पाहा. एका धड्याचा सारांश एका पानात बसवा. मग तो रविवारी फोनवर आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगा. आम्ल, अणू, रेणू, क्षार, द्रावण हे शब्द इथे वर्गात आपण शिकतोच. इंग्रजीत पाठ केलेले वाक्य न समजताही म्हणता येते. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर ते समजलेलेच असावे लागते. आजीने मध्येच प्रश्न विचारला तर फारच उत्तम!

पालकांना एक विनंती. मुलाचे गुण कमी आले की आपण लगेच आणखी एक शिकवणी लावतो किंवा जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणतो. प्रश्नपत्रिका सोडवाव्यातच, पण आधी त्याची वही उघडून बसावे. कोणत्या मजल्यावर पाय अडकला आहे ते पाहावे. आणि मुलीने हा विषय घेतो म्हटले तर तिला तो कितपत झेपेल, अशी शंका निदान आपल्या तोंडून तरी येऊ नये. कमलाला असे बाहेरच्यांनी सांगितले होते, पण तिच्या वडिलांनी आणि काकांनी नाही. ते तिच्याबरोबर बंगलोरला गेले होते.

पुढच्या वर्गाला मोठ्या मुलांनी आपापली वही घेऊन यावे. ज्याला जिथे अडले असेल तिथे आपण मिळून बसू. लहान मुलांनी घरी पनीर करून पाहावे आणि काय दिसले ते चार ओळींत मराठीत लिहून आणावे. चांगले लिखाण पुढच्या अंकात छापू.